देवनागरी तिरपी करताना: रोमन इटालिक आणि देवनागरी ऑब्लिक, गटाने

मार्च 2024 मध्ये आमच्या सेरिफ फॉन्टची सरळ रूपं संपली. रोमन आणि देवनागरी एकाच कुटुंबात, लाइटपासून बोल्डपर्यंत सगळ्या वजनांत, म्हणजे रेघांच्या जाडींत. लगेच तिरपी रूपं हाती घेतली आणि ती बाहेर पडेपर्यंत पुढच्या वर्षीचा पावसाळा आला. रोमन इटालिकवर इंग्रजीत वाचायला भरपूर मिळतं. देवनागरी तिरपी करताना कुठे काय मोडतं आणि चौघांनी मिळून काम करायचं तर आधी काय ठरवून घ्यावं, ते इथे क्रमाने लिहून ठेवतो आहोत.

पहिला वाद देवनागरीला तिरपं रूप हवंच कशाला, यावर झाला. प्रश्न रास्त होता. मराठी छपाईत पुस्तकाचं नाव एकेरी अवतरणात जातं, जोर द्यायचा शब्द ठळक होतो. तिरप्या अक्षराची गरज कुणाला फारशी भासलेली नाही. पण वर्डमध्ये कंट्रोल-आय दाबणारा माणूस परंपरा बघून दाबत नाही. फॉन्टमध्ये तिरपं रूप नसेल तर सॉफ्टवेअर सरळ अक्षरच ढकलून तिरपं करतं. वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या फॉन्ट्स लेव्हल 4 मध्ये ऑब्लिकचा, म्हणजे नुसत्या तिरप्या रूपाचा, गृहीत कोन 14 अंश आहे, म्हणजे ढकलणंही चांगलं सणसणीत. शिवाय काही ठिकाणी प्रत्येक ग्लिफ (फॉन्टमधला अक्षराचा किंवा चिन्हाचा एक आकार) स्वतःपुरता तिरपा होतो, पण अँकरमुळे, म्हणजे चिन्ह कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या बिंदूमुळे, खाली-वर सरकलेल्या चिन्हाला त्या प्रमाणात आडवं सरकवलं जात नाही. ‘ट्टु’मधला उकार 150 युनिट (फॉन्टच्या आराखड्यातलं माप) खाली गेला असेल तर 14 अंशांना तो 37 युनिट डावीकडेही जायला हवा. तसं झालं नाही की उकार अक्षराच्या उजवीकडे लोंबतो. तिरपी देवनागरी वाचकांसमोर येणारच आहे, मग ती आपण नीट करून द्यावी, यावर एकमत झालं.

‘खरी’ इटालिक करायची की नुसती तिरपी, हा दुसरा वाद. रोमनमध्ये इटालिक हे वेगळं अक्षर आहे. 1501 मध्ये व्हेनिसला आल्डस मॅन्युशियसने व्हर्जिलचं छोट्या आकाराचं पुस्तक छापलं ते अख्खं इटालिकमध्ये. फ्रान्चेस्को ग्रिफोने कापलेला तो टाइप त्या काळच्या भराभर लिहिण्याच्या वळणावरून घेतलेला होता, आणि त्यातली मोठी अक्षरं सरळच होती. आपल्याकडे भराभर लिहिण्याचं वळण म्हणजे मोडी. मोडीतले आकार देवनागरीत आणून ‘देवनागरी इटालिक’ करण्याचा मोह होतो, आणि कागदावर ते दिसतंही झकास. पण मोडी ही वेगळी लिपी आहे. 2014 पासून युनिकोडमध्ये तिचा स्वतंत्र विभाग आहे आणि बहुतेक मराठी वाचकांना ती आज वाचता येत नाही. परिच्छेदाच्या मध्येच तिचे आकार आले तर वाचणारा अडखळेल. म्हणून ठरलं असं: रोमनसाठी खरी इटालिक, देवनागरीसाठी ऑब्लिक. दोन्ही एकाच फाइलमध्ये आणि शैलीचं नाव ‘इटालिक’च, कारण कंट्रोल-आयची जोडणी त्याच नावावर चालते.

एप्रिलमध्ये कागदपत्रं उरकली. हा भाग कंटाळवाणा आहे, पण शेवटाकडे ढकलू नका. फॉन्ट ओएफएल 1.1 या खुल्या परवान्याखाली द्यायचा होता. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं ठरतं. त्यामुळे गटात कुणी डिझाइनची नोकरी करत असेल तर ‘हे काम कार्यालयाबाहेरचं आहे’ असं कार्यालयाकडून लेखी घ्यावं. हे पत्र मिळायला आठवडे लागतात, म्हणून सर्वांत आधी मागावं. गटातल्या एकाच्या नावावर सगळे हक्क करून घेणार असाल तर कलम 19 वाचा: हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं, मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आम्ही हस्तांतरण टाळलं. ‘माझं योगदान ओएफएल 1.1 खाली’ एवढ्या एका पानावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि फाइलमधल्या हक्काच्या ओळीत प्रकल्पाचे लेखक असं सामूहिक नाव टाकलं. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर संगणक प्रणाली म्हणून 500 रुपये शुल्क आहे आणि डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं.

मग कोन. 8, 10 आणि 12 अंशांचे नमुने एकाच परिच्छेदावर छापले. देवनागरीत शिरोरेषा आडवी ठाम राहते आणि डोळ्यासमोर सतत पट्टी धरल्यासारखी असते, त्यामुळे तोच कोन रोमनपेक्षा जास्त वाटतो. 12 अंशांना ‘प्र’, ‘क्र’ यांतली खालची तिरकी रेघ मागच्या अक्षराच्या पायात जायला लागली. 8 अंशांना रोमन इटालिक ओळखू येत होती, पण 9 पॉइंटला देवनागरी सरळ की तिरपी हेच कळत नव्हतं. 10 वर थांबलो. दोन लिप्यांना दोन कोन देण्याचा विचारही झाला, पण फाइलमध्ये इटालिक अँगलची जागा एकच असते आणि कर्सरचा कलही त्याच हिशेबाने ठरतो. एकच कोन ठेवला.

कोनाइतकाच महत्त्वाचा, आणि गटांत हमखास विसरला जाणारा आकडा म्हणजे अक्षर कुठल्या उंचीवर धरून ढकलायचं. बेसलाइनला, म्हणजे रोमन अक्षरं जिच्यावर बसतात त्या रेषेला, धरलं तर 640 युनिट उंचीवरची शिरोरेषा 113 युनिट उजवीकडे जाते आणि सगळा मजकूर ग्लिफच्या चौकटीत उजवीकडे झुकतो. आम्ही 250 ही उंची धरली. शिरोरेषा 69 युनिट उजवीकडे, बेसलाइनखाली 250 पर्यंत जाणारा उकार 88 डावीकडे. 250 च का, तर रोमन छोट्या अक्षरांचा मध्य 240 च्या आसपास येत होता, देवनागरीचा 320 ला, आणि अंक, कंस, स्वल्पविराम दोघांचे समाईक. महत्त्व आकड्यापेक्षा तो सगळ्यांचा एक असण्याला आहे. एकाने शून्य धरून आणि दुसऱ्याने 250 धरून काम केलं तर दोघांच्या ग्लिफमध्ये 44 युनिटांचं अंतर पडतं, आणि वेलांटीसारखी अँकरशिवाय बसणारी चिन्हं सगळी उसवतात. कोन, ही उंची आणि प्रत्येक वजनाच्या दांड्याची जाडी असे आकडे एका मजकूर फाइलमध्ये लिहून ती रिपॉझिटरीत (फाइलींच्या सामायिक साठ्यात) सगळ्यात वर ठेवली.

कामाची वाटणी वर्णमालेप्रमाणे करू नका. ‘क ते ञ तू, ट ते म मी’ असं केलं की एकाच आकाराची दुरुस्ती चार हातांनी चार तऱ्हेची होते. आम्ही आकारांची कुळं वाटली: व ब क, प ष फ, ग म भ न, घ ध छ, ट ठ ढ द, ड ङ ह इ झ, र स ए ख. एक कूळ एकाकडे, सगळ्या वजनांत. फाइली यूएफओ या फाइल-प्रकारात ठेवल्या, कारण त्यात प्रत्येक ग्लिफची वेगळी फाइल होते आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटवर एकमेकांचं काम चिरडलं जात नाही. ‘ग्लिफ्स’ या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना सुमारे 300 युरोंना पडतो आणि त्याला मॅकच लागतो. तो एकाकडेच होता. बाकीच्यांनी फॉन्टफोर्ज वापरलं, ते फुकट आहे. यूएफओमुळे दोन्ही बाजू एकत्र चालल्या.

आता मुख्य गोष्ट. अक्षर ढकललं की आडवी जाडी तशीच राहते, बाकी सगळी बदलते. 10 अंशांना उभा दांडा खऱ्या मापाने दीड टक्का बारीक होतो. हे चालून जातं, बोल्डमध्ये तेवढं भरून काढावं. खरा घोटाळा तिरक्या रेघांत आहे. खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी 45 अंशांची रेघ लांबते आणि 8 टक्क्यांहून थोडी जास्त बारीक होते. वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी रेघ आखडते आणि 9 टक्के जाड होते. 90 युनिटांची रेघ एका दिशेला 82, दुसऱ्या दिशेला 98.

रोमनमध्ये रुंद टाकाच्या धरण्यामुळे वर उजवीकडे जाणारी रेघ मुळातच बारीक असते आणि खाली उजवीकडे येणारी जाड. म्हणजे ढकलल्यावर बारीक आणखी बारीक, जाड आणखी जाड. अक्षर थोडं भडक दिसतं, पण त्याचं वळण तेच राहतं. देवनागरीचा बोरू उलट्या बाजूने तासलेला. आपली जाड रेघ तीच, जी ढकलल्यावर बारीक होते, आणि बारीक रेघ जाड होते. दोन्ही एकमेकींकडे सरकतात, बोरूचा फरक पुसट होतो आणि अक्षर मऊ, बेचव दिसायला लागतं. सॉफ्टवेअरने तिरपी केलेली देवनागरी नेहमी विटलेली का वाटते, त्याचं हे कारण. म्हणून रोमनमध्ये केलेली दुरुस्ती देवनागरीत जशीच्या तशी चालत नाही. दिशा उलटी धरावी लागते.

‘प्र’ आणि ‘र’ शेजारी ठेवून बघा. ‘र’चा पाय खाली उजवीकडे येतो. ढकलल्यावर तो जाड होतो आणि, उभ्या रेषेपासून मोजलं तर, 45 वरून साडेएकोणचाळीस अंशांवर, म्हणजे जास्त उभा होतो. त्यामुळे ‘र’ अरुंद आणि काळा दिसतो. ‘प्र’मधली रेघ खाली डावीकडे जाते, ती बारीक होते आणि आडवी पडते, साडेएकोणपन्नास अंशांवर. एकाच शब्दात, उदाहरणार्थ ‘प्रहर’, एक रेघ मेलेली आणि एक सुजलेली. आम्ही ‘र’चा पाय मूळ जाडीवर आणून टोक थोडं बाहेर ओढलं, ‘प्र’ची रेघ जाड करून दोन अंश उभी केली आणि टोकाला छाटली.

गोल अक्षरांत हेच वळणावर घडतं: ट, ठ, ढ, द यांच्या पोटाची वरची डावी आणि खालची उजवी बाजू झिजते, उरलेल्या दोन फुगतात. ‘ठ’ अंड्यासारखा लवंडतो. यावर जुनी युक्ती आहे: एकूण 10 अंशांपैकी चार-पाच अंश गोल नुसता फिरवायचा, उरलेलेच ढकलायचे, मग वर-खाली उंची पुन्हा जुळवायची. ग्लिफ्समधला ‘कर्सिव्ही’ हा पर्याय साधारण हेच करतो, पण त्याला दांड्यांच्या जाड्या आधी सांगाव्या लागतात. रोमन ‘ओ’ आणि ‘एन’ला तो बरा चालला. ‘ळ’च्या दोन पाकळ्या, ‘क्ष’ची गाठ, ‘ज्ञ’, ‘ह्म’ हे सगळं हातानेच करावं लागलं. सगळ्यात जास्त वेळ ‘ळ’ने खाल्ला. पाकळ्या मध्ये भेटतात तिथे शाई साचते. ती जागा उघडली की उजवी पाकळी मोठी दिसते, ती लहान केली की अक्षर डावीकडे कलतं.

अनुस्वार, नुक्ता, विसर्ग यांचे ठिपके ढकलल्यावर लंबगोल होतात. ते काढून सरळ फाइलमधला गोल ठिपका परत बसवला. काहीजण लंबगोल ठेवतात. 9 पॉइंटच्या छपाईत तो घाणीचा डाग वाटतो, हे आमचं मत.

शिरोरेषेची टोकं तिरपी ठेवायची की उभी कापायची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. रेषा 70 युनिट जाड असेल तर तिरप्या टोकाला वरच्या-खालच्या कडेत 12 युनिटांचा फरक पडतो. एका अक्षराचं टोक तिरपं आणि शेजाऱ्याचं उभं असेल आणि एकमेकांवर चढ 12 पेक्षा कमी असेल, तर दोन अक्षरांच्या सांध्यात त्रिकोणी खाच दिसते. पडद्यावर ती लपते, लेझर प्रिंटवर उघडी पडते. आम्ही सगळी टोकं तिरपी ठेवली आणि चढ वाढवला.

जुलै-ऑगस्टमध्ये रोमन इटालिक काढली. इथे ढकललेलं रूप फक्त मागे ठेवून बघायला. अक्षरं नव्याने काढली. ‘ए’ आणि ‘जी’ एकमजली, ‘एफ’चा पाय बेसलाइनखाली, ‘एन’ची कमान दांड्यातून खूप खालून फुटणारी, सगळ्यांची रुंदी सरळपेक्षा सात-आठ टक्के कमी. एक सोय अशी की 180 अंशांत फिरवलं तरी कल बदलत नाही. ‘एन’ फिरवला की ‘यू’, ‘बी’ फिरवला की ‘क्यू’ मिळतो, निदान सुरुवातीला तरी. मोठी अक्षरं ढकलून दुरुस्त केली. तिथे ‘ए’, ‘व्ही’, ‘एक्स’ यांच्या दोन बाजूंत वर सांगितलेला 82-98 चा खेळ आहेच.

यानंतर संयुक्त ग्लिफ आणि अँकर. सगळे ग्लिफ निवडून एकदम ढकलू नका. ‘की’ किंवा टोपीवाला रोमन ‘ई’ मूळ ग्लिफांच्या संदर्भांतून बनलेला असतो. मूळ तिरपा झाला की तो आपोआप तिरपा होतो आणि पुन्हा ढकलला तर दुप्पट. संदर्भाची फक्त जागा सुधारायची असते: वर सरकवलेलं अंतर गुणिले 0.176. चिन्ह 180 युनिट वर असेल तर 32 उजवीकडे. अँकरही त्याच उंचीला धरून तिरपे करावे लागतात. दिलासा एवढा की एकाच उंचीवरचं सगळं सारखंच सरकतं, त्यामुळे वेगवेगळ्या रुंदीच्या अक्षरांसाठी केलेल्या पहिल्या वेलांटीच्या आवृत्त्या शिरोरेषेपाशी जशाच्या तशा जुळल्या.

ढकलल्यावर वळणांच्या टोकांवरचे बिंदू टोकांवर राहत नाहीत. नवे टोकबिंदू घालून जुने काढावे लागतात, आणि ते लाइट व बोल्ड दोन्हींत त्याच संख्येने, त्याच क्रमाने. नाहीतर मधली वजनं तयार होताना वाकडी होतात. फॉन्टटूल्स या साधनसंचातली ‘इंटरपोलेटेबल’ तपासणी प्रत्येक बदलानंतर चालवली. तिच्या सगळ्याच तक्रारी खऱ्या नसतात, पण बिंदूंच्या क्रमाची तक्रार कधीही सोडू नये.

दिवाळीनंतर प्रूफं. 600 डीपीआयचा लेझर प्रिंट, 9, 11, 14 आणि 24 पॉइंट, पानामागे दोन-तीन रुपये. पान उलटं धरून बघितलं की कुठलं अक्षर जास्त झुकलंय ते वाचनाच्या आड न येता दिसतं. चाचणीचे शब्द सुंदर नकोत, अडचणीचे हवेत: दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना, कीर्ती, त्र्यंबक, वाङ्मय, उद्ध्वस्त, शुद्धिपत्रक, ट्रॅक्टर, ॲल्युमिनियम, पुरुषोत्तम. ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ शेवटपर्यंत त्रास देत होता. तो ‘य’च्या पोटाला चिकटत होता आणि त्याला 14 युनिट जास्त जागा द्यावी लागली. मराठी ‘ल’ आणि ‘श’ची वेगळी रूपं भाषेच्या टॅगवर येतात, ती तिरप्या फाइलमध्ये राहून गेली नाहीत ना, हे मुद्दाम बघा.

एक प्रूफ सरळ आणि तिरप्या मिश्रणाचं काढावं. तिरप्या ‘ही’ची वेलांटी वरच्या बाजूला सुमारे 115 युनिट उजवीकडे गेलेली असते आणि पुढे सरळ कंस आला की त्याला टेकते. दोन फाइलींमध्ये कर्निंग (अक्षरांच्या जोडीतलं अंतर जुळवणं) चालत नाही, म्हणून वेलांटीच्या उजव्या बाजूलाच थोडी जागा वाढवली. मजकूर लावणाऱ्यांनी कंसही तिरपा घेतला तर हा प्रश्न येत नाही.

फाइलमधल्या नोंदी जानेवारीत भरल्या. इटालिक अँगल उणे 10. उजवीकडचा कल उण्यात लिहितात. कर्सरसाठी उभा चढ 1000, आडवी धाव 176. एफएस-सिलेक्शन या शैलीच्या नोंदीत शून्य क्रमांकाचा बिट चालू आणि सहाव्या क्रमांकाचा ‘रेग्युलर’ बिट बंद. बोल्ड इटालिकला शून्य आणि पाच. मॅकस्टाइल या तशाच नोंदीत इटालिकसाठी एक क्रमांकाचा. वर्डला एका कुटुंबात चारच शैली कळतात, म्हणून मीडियम इटालिकला फाइलमधल्या नावांच्या यादीत क्रमांक 1 मध्ये कुटुंबासह ‘मीडियम’, 2 मध्ये ‘इटालिक’, आणि 16-17 मध्ये खरं कुटुंब व ‘मीडियम इटालिक’. वेबवर फाइल जोडताना सीएसएसच्या फॉन्ट-फेस नियमात शैली इटालिक लिहायची राहिली तर ब्राउझर त्या फाइलला सरळ समजतो आणि वरून आणखी ढकलतो. 10 अंशांवर 14 चढले की पान बघवत नाही.

त्यानंतर फॉन्टबेकरी या साधनाने फॉन्टच्या तपासण्या आणि गूगल फॉन्ट्सच्या गिटहबवर विनंती. तिथे राखीव नाव असलेला (बदललेल्या फॉन्टला मूळ नाव वापरू न देणारा) परवाना सहसा घेत नाहीत, आणि बदलत्या वजनाची इटालिक वेगळ्या फाइलमध्ये लागते. उत्तराची मुदत कुठे लिहिलेली नाही. आमचा वसंत त्यातच गेला. दरम्यान आमच्या रिपॉझिटरीतून फाइली उतरवून घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि जूनमध्ये आम्ही तिथेच आवृत्ती जाहीर केली. जुनी चाचणी आवृत्ती मशीनवर असेल तर आधी ती काढून, मशीन पुन्हा सुरू करून मगच नवी बसवा. विंडोजची फॉन्ट-कॅश जुनेच ग्लिफ दाखवत राहते आणि दुरुस्त झालेल्या ‘ळ’बद्दल पुन्हा तक्रारी येतात.